पाटी काय म्हणते ते वाच

रेबेकाबाईंना चर्चमध्ये बसलेलं कुणी पाहत नसे. आमचं कॅथेड्रल चांगलं प्रशस्त आहे, बाकं भरपूर, पंखेही चालू असतात. तरी या बाई रविवारच्या मराठी मिस्सेला, म्हणजे उपासनेला, शेवटच्या खांबापाशी उभ्या. तिथंही त्यांचा पाय ठरत नसे. फादरांचं प्रवचन जरा लांबलं की त्या मधल्या वाटेनं चालायला लागत. प्रत्येक बाकाच्या कडेवर हात टेकवत वेदीजवळ जायच्या, वळायच्या आणि तशाच मागं यायच्या. नव्या माणसाला वाटायचं, बाईंचं काहीतरी हरवलंय. नोकरीची सगळी वर्षं त्यांनी बसमध्ये कंडक्टर म्हणून काढली होती. गचके खाणाऱ्या गाडीत उभं राहून, गर्दीतून वाट काढत तिकिटं दिली होती. त्या रिटायर झाल्या, पण ही बातमी त्यांच्या पायांपर्यंत पोचली नव्हती. एकदा खुद्द बिशपांनी विचारलं, "बाई, तुम्ही बसत का नाही?" तर म्हणाल्या, "बसले की गाडी बंद पडल्यासारखं होतं, बिशपसाहेब."

माझी आणि त्यांची ओळख भांडणानं झाली. मी वाळूजला एका कारखान्यात नोकरीला आहे आणि रविवारी कॅथेड्रलमध्ये कीबोर्ड वाजवतो. तिसरी पाळी करून तसाच आलो की माझी बोटं झोपलेली असतात, हे मला मान्य आहे. त्या रविवारीही प्रवेशगीत चालू होतं आणि अचानक माझ्या कानाशी आवाज आला, "अरे बाबा, काय बैलगाडी हाकू राहिला? या चालीनं गेलं तर फादर वेदीशी पोचायच्या आत दुपार व्हईल." मी मान वर करायच्या आत बाईंनी पुढची ओळ उचललीसुद्धा. आवाज गोड बिलकुल नव्हता. खरखरीत होता, पण भरलेल्या गाडीत मागच्या सीटपर्यंत पोचवायची सवय असलेला होता. सगळी मंडळी माझा हात सोडून त्यांच्यामागं धावली आणि मी कीबोर्ड घेऊन सर्वांत मागं राहिलो. मिस्सा संपल्यावर मी तणतणत त्यांना गाठलं. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "पुढच्या रविवारी झोपून ये."

त्या दिवसापासून चर्चमधल्या गाणाऱ्यांचा कॉयर त्यांचा झाला. कुणी नेमलं नाही, कुणी विरोधही केला नाही, कारण विरोध करायला त्या एका जागी सापडायला हव्यात. वरच्या पट्टीतल्या मुली मागं मागं राहून गायला लागल्या की त्या ओरडायच्या, "दारात गर्दी करू नका, आत सरका!" कुणी कॉयर सोडायची भाषा केली की, "उतरायचं असंल तर आत्ताच दारात या, मधीच बेल मारायची नाय." मिस्सेनंतरच्या सूचना लांबल्या की शेवटच्या खांबापासून आवाज यायचा, "फादर, स्टॉप आला." चहा उभ्यानं, जेवण उभ्यानं. फोन केला तर निम्मं बोलून ठेवून देणार, उरलेलं सांगायला स्वतः येणार. मला त्यांचा कंटाळा यायचा आणि एखाद्या रविवारी त्या दिसल्या नाहीत की चैन पडायचं नाही. अशी माणसं भेटतात खरी.

प्रौढवर्गाचं खूळ त्यांच्या डोक्यात शिरलं तेही असंच चालता चालता. आमच्याकडं मिस्सेआधी दारातच गीतपुस्तिका हातात देतात. फळ्यावर गाण्याचा नंबर लागतो, सगळे पान काढतात आणि पुस्तकात बघून गातात. एका रविवारी बाई कीबोर्डपाशी आल्या आणि हळूच म्हणाल्या, "डाव्या बाजूच्या निम्म्या बायांना वाचता येत नाय."

"काहीतरीच काय," मी म्हटलं. "सगळ्या तर पुस्तकात बघून गात होत्या."

"बिनतिकिटाचा माणूस मला तोंडावरनं कळतो, विल्सन. खिडकीतनं बाहेर बघत बसतो, लई निवांत. या बाया पुस्तकात तसंच बघत्यात."

आकडे सगळ्यांना येत होते, मोबाईलमुळं. पान बरोबर निघायचं. पुढचं गाणं तोंडपाठ असायचं. गंगापूर-वैजापूरकडच्या खेड्यांतून मुलांच्या नोकरीपायी शहरात आलेल्या या बायका. लहानपणापासून ऐकलेली गाणी त्यांच्या रक्तात होती. वाचता येत नाही हे त्यांना कधी अडलंच नव्हतं, निदान चर्चमध्ये तरी.

पुढच्या रविवारी बाईंनी फादरांच्या हातून माईक जवळजवळ काढून घेतला. "ज्यांना वाचता येतं त्यांनी घरी जा. ज्यांना येत नाय त्यांनी हॉलमधी या." अर्थात सगळे घरी गेले. त्याच्या पुढच्या रविवारी त्या फाटकात उभ्या राहिल्या आणि एकेकीचा दंड धरून हॉलकडं वळवू लागल्या. मला म्हणाल्या, "तू पेटी घेऊन ये." मी का, हे विचारायची सोय नव्हती.

त्यांची शिकवायची पद्धत साधी होती आणि आम्हा सगळ्यांना फार आवडली. गाणी पाठ आहेतच, तर त्या गाण्यांवरूनच अक्षरं ओळखायची. पुस्तिका उघडायची, शब्दाखाली बोट ठेवायचं आणि गात गात बोट पुढं न्यायचं. मी पेटी धरायचो, बाई दोन रांगांमधून फेऱ्या मारायच्या. नाताळ झाला, ईस्टरआधीचा उपवासकाळ लागला आणि वर्गातल्या सगळ्या बायका भराभर वाचू लागल्या. फादर एकदा येऊन बघून गेले, त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही आलं. सर्वांत सुरेख वाचायच्या सुमनबाई. हर्सूलच्या बाजूला राहायच्या, पाचसहा घरी पोळ्या करायच्या. त्यांची स्मरणशक्ती अशी की एखादं नवं गाणं दोनदा ऐकलं की तिसऱ्यांदा त्या मलाच चूक दाखवायच्या.

रेबेकाबाईंना मग धीर कुठला? ईस्टरनंतर सात आठवड्यांनी येणाऱ्या पवित्र आत्म्याच्या सणाला आमच्याकडं एक रिवाज आहे. शहरातले सगळ्या भाषांचे लोक त्या दिवशी एकाच मिस्सेला जमतात. मल्याळी, तामिळ, कोंकणी, हिंदी, इंग्रजी, सगळे. बायबलमधली वाचनं आणि प्रार्थना भाषांमध्ये वाटून देतात. पहिलं वाचन मराठीचं. ते दरवर्षी प्राध्यापक बनसोडे सर करतात, कारण त्यांचा आवाज भारदस्त आहे आणि त्यांना ते ठाऊकही आहे. बाई तडक फादरांकडं गेल्या. "औंदाचं वाचन माझा वर्ग करंल. सुमन करंल." फादर आनंदानं हो म्हणाले. त्यांनी रविवारच्या सूचनांमध्ये ते जाहीरही केलं. सुमनबाईंनी पोळ्यांच्या सगळ्या घरी सांगितलं. त्यांच्या लेकानं कामावर सांगितलं. बिशपांसमोर, भरल्या कॅथेड्रलमध्ये, सुमनबाई वाचणार.

ईस्टरनंतर नवी गीतपुस्तिका छापून आली. जुनी फाटली होती म्हणून नवी; पण नव्या पुस्तिकेत गाण्यांचा क्रम बदललेला होता. ही एवढीशी गोष्ट कुणाच्या लक्षात राहावी? बाईंनी वर्गात पुस्तिका वाटल्या आणि सांगितलं, "सतरा नंबर काढा. आज गायचं नाय, नुसतं वाचायचं." सगळ्यांनी सतरा नंबर काढला, शब्दाखाली बोट ठेवलं आणि एका सुरात वाचायला सुरुवात केली.

मला आधी वाटलं, माझंच पान चुकलं. मी मागंपुढं केलं. पान तेच होतं. नव्या पुस्तिकेतला सतरा नंबर म्हणजे आभाराचं गाणं होतं आणि बायका जुन्या पुस्तिकेतला सतरा नंबर म्हणत होत्या, तो नाताळचा. मे महिना तोंडावर आलेला आणि हॉलभर गव्हाणीतल्या बाळाचं कौतुक चाललेलं. बोटं मात्र अगदी शिस्तीत पुढं सरकत होती. ओळ संपली की बोट खालच्या ओळीवर, पुन्हा डावीकडं.

रेबेकाबाई सुमनबाईंच्या मागं थांबल्या. त्यांनी सुमनबाईंचं बोट धरून ओळीतल्या एका मधल्याच शब्दावर ठेवलं. "हे काय?" सुमनबाईंनी डोळे मिटले, पुटपुटत नाताळच्या गाण्याची ओळ पहिल्यापासून म्हटली, जिथं पोचायचं तिथं पोचल्या आणि तो शब्द मोठ्यानं सांगितला. त्यांच्या चेहऱ्यावर इतका आनंद होता की मला बघवेना. बाईंनी दुसरीला विचारलं, तिसरीला विचारलं. सगळ्या जणी ओळ पहिल्यापासून चालत येत होत्या. फसवत कुणीच नव्हतं. त्यांची खरोखर समजूत होती की वाचणं म्हणतात ते हेच: बोट फिरवायचं आणि आत असलेलं बाहेर काढायचं. आम्हीच तर तसं शिकवलं होतं, महिनोन्‌महिने, पेटीच्या साथीवर.

रेबेकाबाई स्टेजच्या पायरीवर बसल्या. बसल्या म्हणून सगळा वर्ग घाबरला.

बायका गेल्यावर मी शहाणपणा केला. म्हटलं, "बाई, एवढं काय? सणाला अजून अवकाश आहे. वाचन सुमनबाईंकडून पाठ करून घेऊ. दोनदा ऐकवलं की झालं. पुस्तक समोर असेल, कुणाला कळणार आहे? उलट बनसोडे सरांपेक्षा बरं म्हणतील."

तोवर त्या उठल्या होत्या आणि रिकाम्या हॉलमध्ये फेऱ्या मारत होत्या. "मी पैठण रोडला होते तवाची गोष्ट," त्या म्हणाल्या. "गाडी खच्चून भरलेली. मी तिकीट देत देत एका म्हातारीपर्यंत पोचले तवर चितेगाव मागं गेलं होतं. म्हातारी म्हणती, फुलंब्री दे. म्हणलं, आजी, फुलंब्री त्या अंगाला, ही गाडी पैठणची. स्टँडवर टवाळ पोरांनी मजा म्हणून बसवून दिलं होतं तिला. लेक वारली होती तिची. मातीला चालली होती." बाईंनी एक फेरी पूर्ण केली. "मी उतरवलं, उलट्या गाडीत बसवून दिलं. पन काय उपेग? माती कवाच झाली असंल. पाटी तिच्या डोक्यावर होती, विल्सन. एवढाल्या अक्षरात. आन ती पोरांना विचारत होती."

मी पेटीचं झाकण लावलं.

"सुमनला पाठ करून उभी करू मी? खोट्या तिकिटावर वेदीपर्यंत नेऊ तिला? नाय जमायचं."

पुढच्या वर्गात त्यांनी जाहीर केलं की वर्गात गाण्याला बंदी. पेटी बंद, पुस्तिका बंद, अक्षर ओळखण्यापासून सगळं पुन्हा. बायका हिरमुसल्या. सुमनबाई मात्र भडकल्या. "आमी गातो ते काय खोटं व्हय? माझी आई डोळ्यानं आंधळी होती. सगळी मिस्सा तिच्या तोंडात. देवाला चाललं तिचं, आन तुला चालंना?"

"देवाला सगळं चालतं गं," बाई म्हणाल्या. "स्टँडवर चालत नाय."

"मंग ऱ्हाव दे तुझं वाचन," असं म्हणून सुमनबाई पिशवी उचलून निघून गेल्या.

पुढच्या रविवारी त्या आल्या नाहीत. रेबेकाबाईंनी मिस्सेमध्ये इतक्या फेऱ्या मारल्या की फादरांनी प्रवचन आवरतं घेतलं. त्या दिवशी गाणीही त्यांनी अशी पळवली की मला धाप लागली. त्यांना काय वाटत होतं, हे त्या बोलल्या नाहीत, पण मला कळत होतं. शब्द फादरांना दिलेला होता, नाव सुमनबाईंचं जाहीर झालेलं होतं आणि सुमनबाईंना आयुष्यात पहिल्यांदा मिळू पाहणारा मान यांच्या हट्टापायी जाणार होता. मला बाईंचा रागही आला. इतकं ताणायचं कशाला?

मग एका संध्याकाळी सुमनबाई आपणहून आल्या. हॉलच्या दारातच उभ्या राहून म्हणाल्या, "नातीच्या दप्तरातलं पुस्तक काढलं काल. त्याला चालच नव्हती, बाई. कुठनं सुरू करावं कळंना." आणि रडायला लागल्या. रेबेकाबाईंनी त्यांना जवळबिवळ घेतलं नाही. म्हणाल्या, "चल, पायात चप्पल घाल. बाहेर जाऊ."

त्या दिवसापासून वर्ग रस्त्यावर आला. ऊन उतरलं की बाई बायकांना घेऊन निघायच्या. छावणी भागातल्या दुकानांच्या पाट्या, दवाखान्यांच्या पाट्या, भिंतीवरच्या जाहिराती, 'येथे कचरा टाकू नये', सगळं वाचायचं. पण त्यांचा खरा वर्ग भरायचा बसस्थानकावर. तिथं पाट्या येतात आणि जातात, एका जागी थांबत नाहीत, पाठ करायला वेळ देत नाहीत. जुने ड्रायव्हर-कंडक्टर लांबून हात करायचे, "काय मॅडम, पुन्हा ड्युटीवर?" मी पहिली पाळी असली की सोबत जायचो, पेटीशिवाय, नुसता.

शहराचं नाव बदलल्याला तेव्हा काही काळ झाला होता. बऱ्याच गाड्यांवर नवी पाटी होती, पण बायकांच्या डोळ्यांना जुन्याचीच सवय. सुमनबाईंनी एका गाडीकडं बघितलं आणि खटकन सांगितलं, "औरंगाबाद-पैठण."

"पाटी काय म्हणते ते वाच," रेबेकाबाई म्हणाल्या. "तुला काय ठाऊक ते नको सांगू."

हे वाक्य त्या महिन्यात मी इतक्यांदा ऐकलं की कारखान्यात मशीनवरची सूचना वाचतानाही मला ते ऐकू यायचं. सुमनबाईंनी डोळे बारीक केले. "छ," त्या म्हणाल्या. मग बराच वेळ काही नाही. "त्र." बाईंचा एक पाय जमिनीवर सारखा हलत होता. "प. ती. छत्र… छत्रपती!" ड्रायव्हरनं गाडी सुरू केली. "सं… भा…" गाडी मागं यायला लागली, वळली. सुमनबाई पिशवी सांभाळत पाटीच्या बाजूनं चालू लागल्या. "जी… संभाजी…" लोक बघायला लागले. गाडीनं वेग घेतला तशा त्याही पळाल्या आणि 'नगर' त्यांनी धुरात उभं राहून म्हटलं.

रेबेकाबाईंनी तोंड दुसरीकडं वळवलं. "विल्सन, असा काय बघू राहिला? चहा सांग," त्या माझ्यावरच ओरडल्या. त्या दिवशी मला त्या फार आवडल्या.

बनसोडे सर मनानं चांगले. ते काळजीनं बाईंना येऊन भेटले. "रेबेकाबाई, त्या वाचनात देशोदेशींची नावं आहेत. फ्रुगिया, पंफुलिया. दरवर्षी माझीसुद्धा जीभ वळत नाही. सुमनबाईंना आतापासून सराव द्या."

"गावांचीच नावं ना, सर? मंग ती माझ्याकडं बरोबर शिकलीय."

सराव तर सोडाच, बाईंनी सुमनबाईंना ते पान बघायचीच मनाई केली. म्हणाल्या, "एकदा बघितलंस की पाठ व्हईल तुझं. दुसरं काय वाटंल ते वाच. ते पान त्या दिवशीच." फादरांना हे कळल्यावर ते कपाळाला हात लावून बसले. मी बाईंना म्हटलं, "अहो, सगळेच वाचक आधी बघून येतात. बनसोडे सरही येतात."

"त्यांना वाचता येतं हे त्यांना ठाऊकय. हिला अजून ठाऊक नाय," बाई म्हणाल्या आणि चालायला लागल्या.

सणाच्या आधीच्या आठवड्यात त्या गेल्या. सकाळी चहा टाकला, ओट्याला टेकून उभ्या होत्या आणि तशाच खाली आल्या, असं शेजारीण सांगत होती. दुखणं नाही, दवाखाना नाही, कुणाचा निरोप नाही. मी बातमी ऐकली तेव्हा मला पहिल्यांदा त्यांचा रागच आला. गाडी मध्येच उभी करून, आम्हाला माळावर सोडून ही बाई उतरून गेली कशी? मग कीबोर्डचं झाकण पुसता पुसता मी रडलो, आणि बराच वेळ रडलो.

कब्रस्तानात गर्दी मावेना. आमच्यात मातीच्या वेळी गातात. त्या दिवशी तर सगळा कॉयर होता, वर्ग होता, पाचसहा कंडक्टर गणवेशातच आले होते. गाणं सुरू झालं आणि सगळ्यांनी इतकं मन लावून म्हटलं की बाईंनासुद्धा चाल पसंत पडली असती. फक्त सुमनबाईंचं तोंड मिटलेलं होतं. मी नंतर विचारलं, तर म्हणाल्या, "बाईनं गाण्याला बंदी घातली होती, विल्सनभाऊ. उठवली कुठं?" बंदी वर्गापुरती होती, हे मी त्यांना सांगितलं नाही. कुठल्या तोंडानं सांगणार?

फादरांनी सुमनबाईंना बोलावून घेतलं. या परिस्थितीत बनसोडे सर वाचतील, कुणी काही म्हणणार नाही, असं त्यांनी परोपरीनं समजावलं. सुमनबाई नुसत्या "मी वाचते" म्हणत राहिल्या. शेवटी फादरांनी मधला मार्ग काढला. सरांच्या आवाजात वाचन मोबाईलवर घेतलं आणि सुमनबाईंच्या नातीच्या फोनवर पाठवून दिलं. ऐका, मनात धरा आणि पुस्तक समोर ठेवून म्हणा. महिनाभरापूर्वी मीही हेच सुचवलं होतं. पण आता ते मला आवडलं नाही, आणि सुमनबाईंची फजिती व्हावी असंही वाटत नव्हतं. तो आठवडा मी कारखान्यात आणि घरात नुसता येरझाऱ्या घालत होतो.

सणाच्या दिवशी कॅथेड्रल खचाखच भरलं होतं. बिशप होते, सगळ्या भाषांचे लोक होते, बाहेर मंडपातही माणसं उभी होती. प्रवेशगीत मी जोरात घेतलं, कुणी कानाशी येऊन न सांगता. मग सगळे बसले आणि सुमनबाई उठल्या. वाचनमंचापर्यंत जाताना त्यांनी एकदाच मागं वळून मधल्या वाटेकडं पाहिलं. पुस्तकाशी उभ्या राहिल्या आणि शब्दाखाली बोट ठेवलं.

पहिला शब्द आला तेव्हाच मला कळलं की त्यांनी मोबाईल ऐकलेला नाही. पाठ केलेलं असं येत नाही. एकेक अक्षर उचलून, जुळवून, मग शब्द. वाक्य संपेपर्यंत त्याची सुरुवात ऐकणाऱ्याला आठवू नये इतकं सावकाश. लोक आधी कौतुकानं ऐकत होते, मग खोकायला लागले. दारात वाटलेल्या वाचनांच्या पत्रिकांनी वारा घ्यायला लागले. पोरं चुळबुळ करू लागली. फादर जमिनीकडं बघत होते. माझी बोटं पुढच्या स्तोत्राच्या पट्ट्यांवर घामानं ओली झाली होती. आणि नावं आली. प्रत्येक नावाशी सुमनबाई थांबत होत्या, बघत होत्या, मग ते नाव मोठ्यानं, स्पष्ट सांगत होत्या; गाडी लागली की सांगतात तसं.

एका नावाशी त्या अडल्या. हातातल्या पत्रिका हलायच्या थांबल्या. बोट जागचं हलेना. पहिल्या बाकावरून बनसोडे सर अर्धवट उठले आणि मदतीच्या भावनेनं हळू आवाजात म्हणाले, "पंफु…"

सुमनबाईंनी पुस्तकावरची नजर न काढता दुसरा हात वर केला. माईक चालूच होता. "थांबा सर," त्या म्हणाल्या, "नका सांगू. मला बघू द्या."

सर खाली बसले. बिशपांसह सगळे वाट बघत राहिले. मी दात आवळून मनातल्या मनात ती अक्षरं ढकलत होतो. "पं," सुमनबाई म्हणाल्या. "फु. लि. पंफु… पंफुलिया." आणि पुढं गेल्या.

वाचन संपलं तेव्हा मी स्तोत्र सुरू करायचंच विसरलो. कॉयरमधल्या एका मुलीनं मला ढोसलं, तेव्हा भानावर आलो.

मिस्सेनंतर अंगणात चहा होता. सुमनबाईंभोवती गर्दी झाली होती. बिशपांनी त्यांना आशीर्वाद दिला, मल्याळी बायकांनी हात धरले, बनसोडे सरांनी तर चक्क वाकून नमस्कार केला. गर्दी ओसरल्यावर मी जवळ गेलो. रेबेकाबाईंचं नाव काढलं असतं तर दोघंही रडलो असतो. म्हणून काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं, "सुमनबाई, एवढं वाचलंत. वाचनात होतं तरी काय?"

त्यांनी तोंड उघडलं आणि तशाच राहिल्या. दोनदा ऐकलं की सगळं ध्यानात ठेवणाऱ्या सुमनबाई. आठवायचा प्रयत्न करत त्यांनी डोळे मिटले, मग उघडले आणि पदर तोंडाला लावून हसायला लागल्या.

"ध्यानातच नाय ऱ्हायलं वो, विल्सनभाऊ. सगळा जीव अक्षरात गुतला होता." त्यांनी चहाचा कप ठेवला आणि वाचनाची पत्रिका घडी करून पिशवीत घातली. "आता घरी जाऊन परत वाचते."